परसदारावरचे ठिपके

लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. हे गिरणीतून आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि फडताळातून एक वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "हे तुला आधीच दाखवायला हवं होतं," म्हणाले. दुसऱ्या बायकांना नव्या नवलाईत गजरे मिळत असतील, मला वही मिळाली.

हे कर्जतला भाताच्या गिरणीत कारकून होते. पगार बत्तीस रुपये. वहीत पानापानाला एकेक नाव आणि नावाखाली आकडा. खालापूरच्या सावकाराचे सहाशे, गिरणीच्या मालकांकडून घेतलेली उचल एकशे वीस, किराणा दुकानाचे नव्वद, दोघा मित्रांचे मिळून शंभर. अक्षर मात्र इतकं सुरेख की पहिल्यांदा मी अक्षरच बघत बसले. मग मनातल्या मनात बेरीज केली, बत्तिसाने भागायला घेतली आणि भागाकार अर्ध्यावर सोडून दिला.

कर्ज ह्यांनी उधळून केलेलं नव्हतं. ह्यांचे थोरले भाऊ पोटाच्या दुखण्याने दीड वर्षापासून मिरजेच्या दवाखान्यात पडून होते. आईवडील लहानपणीच गेलेले, ह्यांना वाढवलं ते त्या भावांनी. स्वतः लग्नाशिवाय राहिले आणि ह्यांना मॅट्रिकपर्यंत शिकवलं. मला हे सगळं पटत होतं, तरी मी भांडले. माझा स्वभावच तसा, आधी भांडायचं आणि मग पटवून घ्यायचं. "माझ्या वडिलांना ही वही दाखवली असतीत तर?" मी विचारलं.

"तर लग्न झालं नसतं," हे म्हणाले.

खोटं बोलणाऱ्याशी मी तासभर भांडू शकते, पण खरं बोलणाऱ्याशी भांडायची मला सोयच सापडत नाही. मी वही मिटली आणि कुकर नसलेल्या त्या काळात चुलीवर भात करपायला लागला होता तो उतरवला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून कर्जाला हात घातला. मी अठरा वर्षांची, हे चोवीसचे. पहिला वाद झाला तो आधी कुणाचं फेडायचं ह्यावर. ह्यांचा आपला सज्जनपणा, सगळ्यांना थोडं थोडं द्यावं, कुणाला वाईट वाटायला नको. मी म्हटलं, थोडं थोडं देऊन कुणाचंच तोंड बंद होत नाही. लहान पान आधी फाडू या. सावकाराला दर महिन्याला व्याज पोचवायचं आणि उरेल ते एका वेळी एकालाच. एक पान पुरं झालं की त्यावर दोघांनी मिळून आडवी रेघ मारायची आणि त्या दिवशी भातावर तूप घ्यायचं. एरवी तूप बंद. संध्याकाळचा चहा बंद, ह्यांचं पान बंद, माझं माहेरी जाणं बंद. खालापूरला व्याज द्यायला जाताना हे खोपोलीपर्यंत गाडीने जात, तेही बंद झालं. पहाटे निघून रुळाच्या कडेकडेने पळसदरी, पुढे खोपोली, तिथून खालापूर आणि तसंच पायी परत. घरी आले की पाय परातीत गरम पाण्यात घालून बसत आणि विचारत, "तुला काय वाटतं, चपला झिजल्या त्या पैशांत धरायच्या का?" मला हसू येई आणि मग रडूही येई, पण मी पहिलंच दाखवत असे.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आमच्याकडे दुधाचा रतीब सुरू झाला. कडावहून एक शेतकरीण डोक्यावर दुधाची कासंडी घेऊन सकाळी सकाळी कर्जतला येई. माझ्या आईच्या वयाची, कमरेला चुन्याची डबी, तोंडात तंबाखू. घरी थोडी भातशेती आणि एक म्हैस. बाकीच्या घरी ती रोख पैसे घेई. आमच्याकडे मात्र तिने पहिल्याच दिवशी वेगळं सुचवलं.

"वैनी, तुमचं पैसं मला आता नको. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. होळीच्या टायमाला नाय तं पुढल्या होळीला, लागतील तवा एकदम घेईन."

"का हो मावशी?"

"घरात पैसा दिसला का त्येला पाय फुटतात गं. घरधनी हाय ना आमचा. जुनी म्हस आता थकली. दुसरी घेयाची हाय मला."

म्हणजे आम्ही तिची पेढी. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसांकडे ती पैसे साठवायला ठेवत होती! मी हे ह्यांना सांगितलं तेव्हा हे पोटभर हसले. रोज अच्छेर दूध, म्हणजे अर्धा शेर, दोन आण्यांचं. दूध ओतलं की ती डबीत बोट बुडवून परसदाराच्या आतल्या बाजूला चुन्याचा एक ठिपका लावायची. पाच ठिपक्यांचा एक पुंजका, त्याच्या शेजारी दुसरा. लाकूड काळंभोर, त्यावर पांढरे ठिपके उठून दिसत. तिला लिहिता येत नव्हतं, तिची वही म्हणजे आमचं दार.

पौषात दवाखान्यातून पत्र आलं की आता पेशंटला घरी न्या. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. त्यांना आणायला, औषधाला आणि दवाखान्याची बाकी चुकवायला दीडशे रुपये हवे होते. ह्यांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले आणि हात हलवत परत आले. तेव्हा मी माझ्या हातातल्या पाटल्या काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवल्या. आईने स्वतःच्या हातातून काढून लग्नात मला घातलेल्या. प्रेमाने दिल्या असं मी सांगणार नाही, चिडून दिल्या. "घ्या, आणि माझ्याकडे असं बघू नका," एवढंच म्हटलं. खालापूरच्या सावकाराने त्या गहाण घेतल्या आणि मुदत घातली पुढच्या मार्गशीर्षातल्या अमावास्येची. तोवर व्याजासकट एकशे अडुसष्ट रुपये आले नाहीत तर पाटल्या त्याच्या.

भावजी घरी आले आणि तेवीस दिवस जगले. काही खाल्लेलं ठरत नव्हतं, दूध तेवढं पोटात राहायचं. जाताना शुद्धीवर होते. ह्यांना म्हणाले, "तुझ्या डोक्यावर ठेवून चाललो रे." हे त्यांचे पाय चेपत राहिले.

त्यानंतर मला एकाच गोष्टीने झपाटलं. पाटल्या परत आणायच्या. सावकाराचे सहाशे कधी फिटतील ते देव जाणे, पण अमावास्येच्या आत पाटल्या माझ्या हातात हव्या होत्या. सोन्याचा सोस म्हणा हवं तर. मला तो सोस होता आणि शिवाय आईला तोंड दाखवायचं होतं.

चैत्रात मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली आणि मुंबईची माणसं ट्रंका-वळकट्या घेऊन कर्जतला उतरायला लागली. गोठ्यांना भाडी येऊ लागली. आमचं घर तीन खोल्यांचं. पुढच्या दोन खोल्या आम्ही गिरगावातल्या एका कुटुंबाला पंधरा रुपयांनी दिल्या आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात राहायला लागलो. हे उंच, पाय लांब केले की थेट मोरीत. ते लोक सहा ट्रंका आणि एक ग्रामोफोन घेऊन आले होते. आम्ही चुलीपाशी अंग चोरून झोपायचो आणि भिंतीपलीकडे गाणी चालायची. हे म्हणायचे, "जपानची मेहेरबानी, फुकट गाणं ऐकायला मिळतंय." तेवढ्या काळात मित्रांचे पैसे फिटले, किराण्याचे फिटले. दोनदा भातावर तूप घेतलं. भाद्रपदात मुंबईची भीती ओसरली आणि बिऱ्हाड ग्रामोफोनसकट परत गेलं. खरं सांगते, युद्ध अजून थोडं जवळ आलं असतं तर बरं, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं.

दिवाळी जवळ आली तेव्हा डब्यात पाटल्यांसाठी एकशे पन्नास जमले होते. पुढच्या दोन पगारांतून वरचे अठरा निघाले असते. दूधवाल्या मावशीचे होळीला द्यायचे ठरलेलेच होते. सगळं नीट बसत होतं आणि तेवढ्यात पेणहून आईचं पत्र आलं. तू दीड वर्ष आली नाहीस, तेव्हा मीच दिवाळीला चार दिवस येते.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाटल्यांसाठी मी सबब तयार केली, सैल होत होत्या म्हणून सोनाराकडे दिल्यात. पण आईची नजर म्हणजे काय सांगू! ती घरात शिरली की आधी मोरी बघते, मग परसदार बघते आणि मग माणसं बघते. परसदारावर तिला साडेतीनशेच्या आसपास चुन्याचे ठिपके दिसले असते आणि पुढचं सगळं तिने पाच मिनिटांत माझ्याकडून वदवून घेतलं असतं. आपल्या मुलीला उधारीचं दूध प्यावं लागतं, हे तिला कळलेलं मला चालणार नव्हतं.

म्हणून वसुबारसेच्या आदल्या दिवशी, हे गिरणीत असताना, मी काथ्या आणि राख घेऊन परसदार घासलं. दिवाळीची साफसफाई सगळेच करतात, मीही त्याच झपाट्यात केली. घासून धुतलं, वाळल्यावर वरून तेलाचा बोळा फिरवला. दार असं चकाकलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. हिशेबाची मला काळजी नव्हती, कारण हे गिरणीतल्या पोत्यापोत्याची नोंद ठेवणारे, पै न पै लिहिणारे. दुधाचं त्यांच्या वहीत असणारच, हे मी धरूनच चालले होते.

आई त्याच संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा घेत बसली होती. मावशी आली, कासंडी उतरवली, दूध ओतलं, डबीत बोट बुडवून दाराकडे वळली आणि तशीच थांबली. मी तिच्याकडे बघत होते. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. तिने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या आईकडे. मग त्या चकाकत्या दारावर अगदी वर कोपऱ्यात तिने एक ठिपका लावला.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"काय नाय, आई," मावशी म्हणाली. "दार लई झ्याक घासलंय तुमच्या लेकीनं. दिष्ट लागंल म्हून ठिपका लावला."

आणि कासंडी डोक्यावर घेऊन निघून गेली. आई म्हणाली, "बाई चांगली दिसते." मी चुलीत लाकूड सारायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

आई होती तोवर मी ह्यांना काही सांगितलं नाही. मावशी रोज येई, दूध ओती, त्या पहिल्या ठिपक्याशेजारी दुसरा लावी, तिसरा लावी. तोंडातून शब्द नाही. भाऊबीज करून आई गेली आणि त्याच संध्याकाळी मी ह्यांना वही काढायला सांगितली. "दुधाचे किती झाले बघा."

"वहीत कुठे आहेत?" हे म्हणाले. "दारावर आहेत ना."

मी दाराकडे बोट दाखवलं. हे उठून दारापाशी गेले, लाकडावरून हात फिरवला आणि तेलकट झालेली बोटं बघत उभे राहिले.

मग आमचं भांडण झालं. कारकून असून लिहिलं कसं नाहीत, हे माझं. डोळ्यांसमोर हिशेब असताना पुन्हा कशाला लिहायचा, हे ह्यांचं. शिवाय तुला पुसायची दुर्बुद्धी कशी झाली, हेही. एवढ्या कर्जांत हे एकच कर्ज आम्ही कर्ज मानलं नव्हतं. वहीतल्या माणसांना आम्ही भीत होतो. मावशीला कुणी भीत नव्हतं, म्हणून ती वहीत नव्हती. हे मला तेव्हा, भांडता भांडता कळलं.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. त्या चार दिवसांत एक विचार माझ्या मनात आला होता. ठिपके गेलेच आहेत. मावशीला आकडा माहीत असायचं कारण नाही. दहा रुपये हातावर ठेवले तरी ती घेईल, आणि पाटल्या नक्की सुटतील. हा विचार आला आणि मी त्याला लगेच हाकललंही नाही. डाळ निवडताना, पाणी भरताना तो माझ्याबरोबर हिंडत होता. ह्यांना मी तो सांगितला. हे रागावले नाहीत. "माझ्याही मनात आला," म्हणाले. "आत्ताच, दारापाशी."

मग आम्ही पंचांग घेऊन बसलो. मार्गशीर्षापासून आश्विन अमावास्येपर्यंत दिवस मोजले. त्या साली ज्येष्ठ अधिक होता, तो हे विसरले होते, मी आठवण करून दिली. पावसात ओढे भरून ती येऊ शकली नव्हती ते दिवस वजा केले, शंका आली तिथे तिच्या बाजूने धरलं. शेवटी आकडा निघाला तीनशे एकतीस. एक्केचाळीस रुपये सहा आणे.

"होळीला देऊ," हे चाचरत म्हणाले. "ठरलंय तसं."

"ठिपके असते तर होळीपर्यंत थांब म्हणता आलं असतं," मी म्हटलं. "पुसलेल्या दाराशी उभं राहून थांब कुणाला म्हणणार?"

हे बोलताना मला पुढचं सगळं दिसत होतं. डब्यातून एक्केचाळीस गेले की अमावास्येपर्यंत एकशे अडुसष्ट होणं शक्य नव्हतं. माझ्या हाताने पुसलं, ते माझ्याच हातातलं जाणार होतं. हे माझ्या मनगटांकडे बघत होते. मी हात पदराखाली घेतले आणि डबा आणायला उठले.

गिरणी बंद असते त्या दिवशी आम्ही दोघं चालत कडावला गेलो. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसता खुंट राहिला होता आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना भाऱ्यांच्या उडव्या लागल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती वाट मला आवडली असती. मावशीचा नवरा ओट्यावर झोपला होता. आम्हाला बघताच तिने तोंडावर बोट ठेवलं आणि घराला वळसा घालून मागच्या गोठ्यात नेलं. म्हातारी म्हैस पेंढा चघळत उभी होती.

मी रुमालाची गाठ सोडून एक्केचाळीस रुपये सहा आणे तिच्यापुढे ठेवले आणि हे बोलायला लागले. दिवाळीची साफसफाई, वहीत लिहायचं राहून गेलं, पंचांगावरून मोजलं. मी मध्येच म्हटलं, "मावशी, मी मुद्दाम पुसलं. आईला दिसू नये म्हणून." हे माझ्याकडे बघायला लागले. मावशी मात्र मान हलवत राहिली, जसं काही मी तिला हवापाणी सांगत होते.

तिने पेंढ्याखालून एक गाडगं काढलं आणि जमिनीवर उपडं केलं. चिंचोके. ढीगभर चिंचोके. खाली बसून पाच-पाचाचे पुंजके करत ती मोजायला लागली. आमच्या दारावर ठिपका लावून घरी गेली की रोज एक चिंचोका ह्या गाडग्यात पडत होता. तिला आकडे लिहिता येत नव्हते, पण एका वहीवर विसंबायचं नसतं हे गिरणीतल्या कारकुनापेक्षा तिला जास्त कळत होतं.

पाडव्यापासूनचे बाजूला काढल्यावर तिचे तीनशे सत्तावीस निघाले. "तुमी चार जास्ती धरलं," म्हणाली आणि आठ आणे ह्यांच्या हातात परत दिले. हे घेईनात तशी ओरडली, "धरा की वो! जास्तीचं पैसं घेऊन मी काय करू?"

"तुम्हाला आकडा ठाऊक होता," मी म्हटलं. मला एकदम राग आला होता. "मग दारापाशी बोलला का नाहीत?"

"तुमची आई व्हती ना घरात."

"आणि ती गेल्यावर?"

"मंग तुमची वाट बघितली." आणि ती चिंचोके गाडग्यात भरायला लागली.

तेवढ्यात माझं लक्ष गाडग्याच्या जागी पेंढ्यात पडलेल्या एका पुरचुंडीकडे गेलं. लुगड्याच्या चिंधीत बांधलेले आणखी चिंचोके. मी उचलून विचारलं, "हे कुणाचे? दुसऱ्या घरचे?"

"ते नाय मोजायचं," तिने माझ्या हातातून पुरचुंडी काढून घेतली. "ते तुमच्या थोरल्या भावांचं."

मला आधी कळेना. मग कळलं. भावजी तेवीस दिवस दुधावर होते. आमचं अच्छेर तर चहालाच जात होतं. ती रोज शेरभर दूध वरचं आणत होती, म्हैस जास्त देते म्हणत होती आणि त्याचा ठिपका कधी दारावर लागला नव्हता. आम्ही पंचांग उघडून अधिक महिनासुद्धा धरला, तिच्या बाजूने धरलं म्हणून मनातून स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि ते दूध आम्हाला दोघांनाही आठवलं नाही. ज्याने ह्यांना वाढवलं त्याच्या पोटात शेवटी गेलेलं ते दूध.

हे खाली बसले. मी रुमालाची गाठ पुन्हा सोडली. "मावशी, ह्याचेही सांगा. आज नाही जमले तर पुढच्या महिन्यात देऊ."

तेव्हा मात्र ती भडकली. "आजाऱ्याच्या दुधाचं पैसं घेऊ? पोरी, तू कर्ज फेडाया आलीस का मानूस तोडाया?"

"मग मोजून कशाला ठेवलेत?" मीही आवाज चढवला. इतकी शरम वाटत होती की भांडल्याशिवाय इलाज नव्हता.

"माझं हाय ते," ती म्हणाली. "माझं मी ठेवलं." आणि पुरचुंडी कमरेला खोचली.

परत येताना नदीच्या अलीकडे हे एकदा थांबले, डोळे पुसले आणि चालायला लागले.

मार्गशीर्षात अमावास्येच्या आदल्या दिवशी हे खालापूरला गेले. डब्यात होते एकशे सत्तावीस. महिनाभर मुदत मागितली. सावकाराने चहा दिला, गोड बोलला आणि मुदत म्हणजे मुदत असं सांगितलं. हे अंधार पडता पडता आले. मी परात आणली, गरम पाणी ओतलं. "गेल्या?" मी विचारलं. "गेल्या," हे म्हणाले. मी मोठेपणा दाखवला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी तीन दिवस रडले, ह्यांच्याशी धड बोलले नाही, आणि चौथ्या दिवशी सकाळी मावशी दूध घेऊन आली तेव्हा तिच्यावरही उगाच खेकसले. तिला पाटल्यांचं काही ठाऊक नव्हतं. मी ते कधी कळूही दिलं नाही. आईला पुढच्या भेटीत सगळं खरं सांगितलं. ती माझ्या मनगटावरून हात फिरवत बसली.

पौषात मावशीने म्हैस घेतली. जुनी विकून, वर आमचे घालून. त्या दिवसापासून आमच्याशी तिचा व्यवहार रोखीचा झाला. "आता उधारी नाय," असं तिने कंबरेवर हात ठेवून सांगितलं. "तुमच्या दाराचा काय भरवसा? परत दिवाळी यील." हे हसले, मला काही हसू आलं नाही. पण रोज सकाळी दोन आणे मोजून द्यायची सवय लागली आणि पुढे महागाई वाढली तसे तीन झाले, चार झाले, तरी आमच्याकडून एका दिवसाची बाकी राहिली नाही.

गिरणीची उचल आणि सावकाराचे सहाशे फेडायला आणखी चार वर्षं गेली. हे संध्याकाळी एका व्यापाऱ्याची वही लिहायला जात, मी पोहे कांडून घेऊन मुंबईच्या ओळखीच्या घरांना पाठवत असे. शेवटच्या पानावर रेघ मारली तेव्हा भातावर तूप घेतलं, पण ताटावर आम्ही दोघं नव्हतो, तिघं होतो. आमची मुलगी दोन वर्षांची झाली होती आणि तिने पहिला घास ह्यांच्या पानातला उचलला.

त्या मुलीच्या वेळची गोष्ट सांगते. मी माहेरी न जाता कर्जतलाच बाळंत झाले. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी मी आत खाटेवर पडले होते आणि परसदारातून मावशीचा आवाज आला. तिने नेहमीचं दूध ओतलं, ह्यांनी पैसे दिले, तिने मोजून घेतले. मग ती आत आली, बाळाच्या कपाळाला बोट लावलं आणि पदराखालून एक झाकलेला तांब्या काढून माझ्या उशाशी ठेवला. शेरभर धारोष्ण दूध, अजून फेस न मोडलेलं.

मी ह्यांना हाक मारली. "अहो, ह्याचेही पैसे द्या मावशींना."

"चूप ऱ्हा, पोरी," ती म्हणाली. "पी आधी."

मी उठून बसले आणि प्यायला लागले. ती जाताना दारापाशी क्षणभर थांबली. तिथे आता एकही ठिपका नव्हता आणि तिने लावलाही नाही. पण कडावला गोठ्यात पोचल्यावर ती आज कुठली पुरचुंडी उघडेल, ते मला ठाऊक होतं. मी तांब्या तळापर्यंत रिकामा केला.